नाटकाचा शोध आणि शोधाचे ऋण

नाटक प्रथम लिहिले जाते, मग बसविले जाते आणि अखेरीस प्रेक्षकांपुढे येते, हा क्रम आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की, याहून वेगळ्या वाटेनेही नाटक जन्माला येऊ शकते असे सांगितले तर अनेकांना नवल वाटते. वस्तुतः ज्या मुलखात तमाशाचा वग पिढ्यान्‌पिढ्या लिखित संहितेवाचून उभा राहिला, ज्या मुलखात सोंगाड्या समोरच्या गर्दीचा अंदाज घेऊन रोज नवे बोलत आला, तेथे तरी याचे नवल वाटावयास नको. परंतु छापील पुस्तक हेच नाटकाचे खरे रूप असे मानण्याची सवय पाठ्यक्रमांनी लावली आणि नटाकडे केवळ दुसऱ्याचे शब्द बोलणारा म्हणून पाहिले जाऊ लागले.

अलीकडे महाविद्यालयीन एकांकिकांच्या क्षेत्रात या सवयीला छेद देणारा एक प्रवाह दिसतो. एखादा विषय निवडावयाचा, त्यासंबंधी माहिती मिळवावयाची, संबंधित लोकांना भेटावयाचे आणि तालमीत उत्स्फूर्त प्रसंग करीत करीत नाटक घडवावयाचे, अशी ही पद्धत. ती स्वागतार्हच आहे. तथापि येथे संशोधन म्हणजे नेमके काय, त्याने बदलावयाचे कोणी, आणि ज्यांच्या जगण्यातून सामग्री उचलली त्यांचे देणे कसे फेडावयाचे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. या तिन्ही प्रश्नांचा अनुभव ज्याच्या कामात एकत्र सापडतो असा एक रंगकर्मी शेजारच्या छत्तीसगढात होऊन गेला. हबीब तनवीर हे त्याचे नाव. १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूर येथे त्यांचा जन्म झाला, पदवीचे शिक्षण नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात झाले आणि १९४५ च्या सुमारास मुंबईत आल्यावर ते ‘इप्टा’च्या चळवळीत ओढले गेले. मराठी वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नाही.

न सापडलेल्या माहितीचे नाटक

१९५४ मध्ये दिल्लीत तनवीर यांच्याकडे नजीर अकबराबादी या आग्र्याच्या जुन्या उर्दू कवीवर काही सादर करण्याचे काम आले. १८३० मध्ये निधन पावलेल्या या कवीने काकडीवर, तिळाच्या लाडवांवर, पतंगांवर, होळी-दिवाळीवर कविता केल्या होत्या. चरित्र शोधावयास जावे तो हाती फारच थोडे लागले. त्या काळच्या प्रतिष्ठित समीक्षकांनी त्याची दखल घेण्याचे टाळले होते. बाजारी भाषेत लिहिणारा हा कसला कवी, अशी त्यांची भावना होती. उलट रस्त्यावरचे फेरीवाले आणि फकीर मात्र त्याच्या कविता पिढ्यान्‌पिढ्या गात राहिले होते.

सामान्य अभ्यासक येथे थांबला असता, किंवा कल्पनेने पोकळी भरून एक चरित्रनाट्य रचून मोकळा झाला असता. तनवीर यांनी तसे केले नाही. ज्याची माहिती मिळत नाही तो कवी रंगमंचावर येणारच नाही, असे त्यांनी ठरविले. ‘आग्रा बाजार’मध्ये दिसतो तो बाजार. एका बाजूला पुस्तकांचे दुकान, तेथे कवी आणि समीक्षक बसून नजीरची टवाळी करतात; दुसऱ्या बाजूला पतंगाचे दुकान, तेथे त्याचे चाहते जमतात. मध्ये एक काकडीवाला हिंडतो आहे. माल खपत नाही म्हणून कोणीतरी आपल्या काकडीवर चार ओळी लिहून द्याव्यात, एवढीच त्याची मागणी. प्रतिष्ठित कवी त्याला हुसकावून लावतात आणि अखेर नजीरची कविता गात तो परततो तेव्हा त्याच्या काकड्या विकल्या जाऊ लागतात. कवी प्रत्यक्ष एकदाही न दिसता त्याची सारी थोरवी प्रेक्षकांच्या ध्यानात येते. या प्रयोगात जामिया मिलिया या विद्यापीठातील विद्यार्थी आणि शिक्षक होते, तसेच शेजारच्या ओखला गावातील साधे ग्रामस्थही होते.

संशोधनातून नाटक घडणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण. जमविलेली माहिती पात्रांच्या तोंडी घालणे म्हणजे संशोधनाचा उपयोग नव्हे. शोधाअंती जे सत्य हाती आले, म्हणजे विद्वानांनी टाकले आणि बाजाराने जपले, तेच नाटकाची रचना बनले. कवितांचा अर्थ सांगणारा निवेदक आणावा लागला नाही. दोन दुकाने आणि मधला रस्ता यांनी तो सांगितला.

नट चुकत होते की दिग्दर्शक?

यानंतरचा टप्पा अधिक बोधप्रद आहे, कारण तो दीर्घ अपयशाचा आहे. १९५५ मध्ये तनवीर इंग्लंडला नाट्यशिक्षणासाठी गेले, युरोपात हिंडले, बर्लिनमध्ये ब्रेख्तच्या नाटकांचे प्रयोग त्यांनी मुक्कामाने पाहिले. परत आल्यावर १९५८ मध्ये शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वरून ‘मिट्टी की गाडी’ हे नाटक करताना त्यांनी छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातील सहा नट दिल्लीस आणले. पुढच्या वर्षी पत्नी मोनिका मिश्रा यांच्यासह त्यांनी ‘नया थिएटर’ची स्थापना केली.

‘नाचा’ म्हणजे रात्रभर चालणारा खेळ. त्यात लहान लहान प्रहसने असतात, गाणी असतात, नाच असतो. जोक्कड म्हणजे विदूषक आणि परी म्हणजे स्त्रीवेषातील नर्तक, ही त्यातील मुख्य सोंगे. मराठी माणसाला सोंगाड्या आणि नाच्या यांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. रात्ररात्र गावे हसविणारे हे नट दिल्लीच्या रंगमंचावर आले आणि अवघडून गेले. त्यांची मूळची सहजता दिसेना. ही स्थिती पुढे कित्येक वर्षे राहिली.

याचे कारण तनवीर यांना सत्तरच्या दशकाच्या आरंभी उमगले, आणि ते त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. चूक नटांची नव्हती, दोन ठिकाणी दिग्दर्शकाची होती. एक तर हे नट छत्तीसगढी बोलणारे. त्यांच्याकडून हिंदी वदवून घेतले जात होते आणि परक्या भाषेत त्यांची जीभ अडखळत होती. दुसरे म्हणजे त्यांतील अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांना मात्र नागर पद्धतीने हालचाली आखून दिल्या जात होत्या. अमक्या वाक्याला उजवीकडे जावयाचे, तमक्या वाक्याला डावीकडे. तीन बाजूंनी बसलेल्या गर्दीत जिकडून दाद येईल तिकडे वळून बोलणाऱ्या नटाला हे कसे जमावे? त्याला हात-पाय बांधून पोहावयास सांगण्यासारखेच ते होते.

म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षे लोककलावंत ‘शोधून’ आणले गेले होते, पण शोध लागला नव्हता. तो लागला तो दिग्दर्शकाने स्वतःच्या पद्धतीकडे बोट दाखविले तेव्हा. संशोधनाला निघालेला माणूस स्वतः बदलणार नसेल तर त्याने गोळा केलेली सामग्री केवळ शोभेची राहते, हा या कालखंडाचा धडा आहे. आपल्याकडे लोककलांचा आधार घेतलेल्या कित्येक प्रयोगांत ढोलकी आणि फेटे येतात, पण त्या कलेतील नटाचे स्वातंत्र्य येत नाही, ते याच कारणाने.

रायपूरचे शिबिर

१९७३ मध्ये रायपूर येथे तनवीर यांनी सुमारे महिनाभराचे नाचा शिबिर घेतले. निरनिराळ्या मंडळ्यांतील कलावंत एकत्र आले. त्यांनी आपली ठेवणीतली प्रहसने करून दाखविली आणि त्यांतील तीन एकत्र गुंफून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक तयार झाले. वृद्ध पण धनवान माणसाशी लावून दिलेले मुलीचे लग्न आणि तिला सोडवून आणणारा तिचा प्रियकर, एवढाच कथाभाग. त्यात सणावारांची गाणी आणि लोकविधी आले. कोणीही संहिता लिहून आणली नव्हती. नट बोलत गेले, त्यांतले काय ठेवावयाचे आणि काय गाळावयाचे हे ठरत गेले.

मग दिग्दर्शकाचे काम काय राहिले, असा प्रश्न सहजच पडेल. काम राहिलेच, किंबहुना वाढले. नाचाच्या प्रहसनात हजरजबाबी विनोद भरपूर असतो, पण एक कथानक दोन तास पेलून धरण्याची त्याला सवय नसते. कोणता विनोद कथेला पुढे नेतो आणि कोणता तिला अडवून धरतो, गाणे कोठे हवे, शांतता कोठे हवी, याची निवड दिग्दर्शकाची. आपण लोकनाट्य करीत नसून लोककलावंतांना बरोबर घेऊन आधुनिक नाटक करीत आहोत, असा तनवीर यांचा आग्रह असे. याच मंडळींनी पुढे छत्तीसगढीत ब्रेख्त केला आणि शेक्सपिअरही केला. मूळचा पुरुषांचाच असलेला हा खेळ, पण नया थिएटरमध्ये फिदाबाई मरकाम यांच्यासारख्या देवार समाजातील गायिका-अभिनेत्री आल्या आणि प्रमुख भूमिकांत उभ्या राहिल्या. परंपरा जशीच्या तशी ठेवणे हा हेतू नव्हता. तिच्यातील जिवंत माणसांना वाव देणे हा होता.

खरे बोलणारा चोर

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे ‘चरणदास चोर’. त्याचे बीज राजस्थानी लेखक विजयदान देथा यांनी लिहिलेल्या एका लोककथेत आहे. एक चोर गुरूपुढे थट्टेथट्टेत चार प्रतिज्ञा करतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, आपल्या सन्मानाच्या मिरवणुकीत हत्तीवर बसणार नाही, राणीशी लग्न करणार नाही आणि कोणी राज्य देऊ केले तरी राजा होणार नाही. चोराच्या वाट्याला यांतले काय येणार? गुरू पाचवी प्रतिज्ञा घ्यावयास लावतो: खोटे बोलणार नाही. मग एकामागून एक त्या अशक्य गोष्टी खरोखरच समोर येऊन उभ्या राहतात आणि शब्द पाळण्यापायी चोर जीव गमावतो.

१९७४ मध्ये भिलाई येथील शिबिरात ही कथा नटांना सांगण्यात आली आणि तिच्यावर उत्स्फूर्त प्रसंग सुरू झाले. शिबिराच्या अखेरीस तो खेळ अपुऱ्या, कच्च्या स्वरूपातच उघड्या मैदानावर दाखविला गेला. पुढे बसलेल्यांत सतनामी पंथाचे लोक मोठ्या संख्येने होते. गुरू घासीदास यांनी छत्तीसगढात रुजविलेला हा पंथ सत्यालाच ईश्वर मानतो, आणि समाजाने अस्पृश्य लेखलेल्यांनी तो मुख्यतः स्वीकारला. सत्यासाठी मरणारा चोर आणि सत्याला देव मानणारे प्रेक्षक यांची ही गाठ नाटकाला नवी दिशा देणारी ठरली. सतनामींची पंथी गीते आणि पंथी नृत्य नाटकात आले, आणि राजस्थानातली एक गमतीदार कथा छत्तीसगढच्या मातीतली शोकांतिका बनली. नाटकाला पूर्ण रूप आले १९७५ मध्ये. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी त्यावर मुलांसाठी चित्रपट काढला. त्यात स्मिता पाटील होत्या. १९८२ मध्ये एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात या नाटकाला ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला.

येथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. नाटक पूर्ण होण्याआधी ते ज्यांच्या श्रद्धेशी जोडले जाणार होते त्यांच्यापुढे गेले. प्रेक्षक हे शोधाचे शेवटचे टोक नव्हते. ते शोधात सामील होते.

ऋण कोणाचे?

मग हे नाटक कोणाचे म्हणावयाचे? देथांचे, तनवीर यांचे, नटांचे, की सतनामींचे? मुखपृष्ठावर एकच नाव छापता येते म्हणून प्रश्न सुटत नाही. तो किती खोल आहे हे २००९ मध्ये दिसून आले. ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे तनवीर यांचे निधन झाले आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच छत्तीसगढ सरकारने ‘चरणदास चोर’ या पुस्तकावर बंदी आणली. शाळांतील वाचनाच्या उपक्रमात हे पुस्तक होते आणि त्यातून आपल्या पंथाचा अवमान होतो, अशी हरकत सतनामी समाजातील काही धर्मगुरूंनी घेतली होती. देशभरातील रंगकर्मींनी या बंदीचा निषेध केला.

निषेध रास्त होता. तीन दशकांहून अधिक काळ जे नाटक गावोगाव झाले आणि ज्याने सत्यनिष्ठेचा गौरवच केला, त्यावर सरकारी हुकमाने पडदा टाकणे हे कोणत्याच अर्थाने समर्थनीय नाही. परंतु तेवढे म्हणून थांबणे म्हणजे प्रश्नाच्या निम्म्यावर थांबणे होय. ज्या समाजाला शतकानुशतके हीन लेखले गेले, त्याच्या पवित्र गीतांच्या साथीने चोराची कथा सांगितली जाते, तेव्हा त्या समाजातील कोणाच्या मनात सल उठणे अनाकलनीय म्हणता येत नाही. १९७४ च्या मैदानातील प्रेक्षकांनी दिलेली दाद ही पुढच्या सर्व पिढ्यांची कायमची संमती नव्हे. लोकांच्या जगण्यातून नाटक घेतले की लोकांना त्याविषयी प्रश्न विचारण्याचा हक्क राहतो, आणि तो हक्क मुदतीत संपत नाही. त्या प्रश्नाला उत्तर मात्र चर्चेने, टीकेने, गरज पडल्यास दुसऱ्या नाटकाने द्यावयाचे असते. सरकारने मध्ये पडून पुस्तक उचलून नेले की प्रश्न विचारणाऱ्याचेही तोंड बंद होते आणि उत्तर देणाऱ्याचेही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर

मराठी रंगभूमीला ही वाट अपरिचित नाही. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा विजय तेंडुलकरांची संहिता हाती होती, पण ब्राह्मणांच्या रांगेची ती हलती भिंत जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्य आणि नटसंचाचे कष्ट यांतून तालमीतच उभी राहिली. २०१२ मध्ये आलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक तर या चर्चेला अधिकच जवळचे आहे. संभाजी भगत यांची संकल्पना, राजकुमार तांगडे यांचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन आणि जालना भागातील नट. ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांनीच बोलावयाचे, हे तत्त्व तेथे प्रत्यक्षात आले.

असे प्रयोग अधिक का होत नाहीत? पहिली अडचण वेळेची. स्पर्धेच्या तारखेच्या आधी तीन-चार आठवड्यांत नाटक उभे करावयाचे असेल तर शोधाला सवड कोठून मिळणार? मग वर्तमानपत्रांतली कात्रणे आणि दोन-चार मुलाखती यांवर भागविले जाते आणि त्यालाच संशोधन म्हटले जाते. दुसरी अडचण नियमांची. महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे सादर करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. लिहिलेले नाटक हेच नाटक, असे गृहीत धरणाऱ्या या व्यवस्थेत बोलता बोलता घडणाऱ्या नाटकाला जागा कोठे आहे? ज्याचे शब्द प्रत्येक गावात थोडे बदलतात त्याने कोणती प्रत सादर करावी? तमाशाच्या मुलखात हा नियम इतकी वर्षे निमूटपणे टिकावा, हे खेदजनकच होय.

परंतु सर्व दोष बाहेर ढकलता येणार नाही. काही गोष्टी कोणत्याही महाविद्यालयाच्या किंवा कार्यालयीन नाट्यमंडळाच्या हाती आहेत. ऊसतोड कामगारांवर नाटक करावयाचे असेल तर तालमीची पहिली पंधरवडाभराची मुदत फडावर, ऐकण्यात घालवावी. त्यांची बोली नटांनी नक्कल म्हणून उचलू नये; जमल्यास त्यांच्यातीलच दोघांना संचात घ्यावे. कच्चा प्रयोग परीक्षकांच्या आधी त्यांच्यापुढे करावा आणि ते जेथे हसले नाहीत, जेथे अस्वस्थ झाले, तेथे थांबून कारण विचारावे. ज्यांनी गाणे दिले, कथा सांगितली, शब्द सुचविला त्यांची नावे हस्तपत्रिकेवर दिग्दर्शकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावीत. प्रयोगाला पैसे मिळाले तर त्यांत त्यांचा वाटा असावा. यांतली एकही गोष्ट खर्चाची नाही. फक्त आपणच सर्व जाणतो हा समज सोडावा लागतो.

तोच सोडणे सर्वांत कठीण असते. शिकलेला माणूस अशिक्षितापाशी सामग्री मागावयास जातो, पद्धत शिकावयास जात नाही. युरोपात शिकून आलेल्या तनवीर यांनाही ही ताठरता सोडावयास दीड दशक लागले, आणि ती सुटल्यावरच त्यांच्या नटांची वाचा मोकळी झाली. मराठी तरुण रंगकर्मींना तेवढा काळ दवडण्याचे कारण नाही, कारण तो अनुभव आता त्यांच्यापुढे मांडलेला आहे. लोकांकडून नाटक घ्यावयाचे असेल तर ते घडविण्याचा आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकारही लोकांना द्यावा लागेल.